सत्तेचाळीस स्लाइड्सचं हृदय

चाकणच्या एका कंपनीने रावेतच्या शाळेला भलंमोठं टच पॅनल भेट दिलं आणि ते आठवी ‘ब’च्या भिंतीवर बसलं, तेव्हा आम्रपाली ओव्हाळला वाटलं, आपली नोकरी खऱ्या अर्थाने आज सुरू झाली. विज्ञान शिकवायला लागून तिला चार वर्षं झाली होती. शाळेतल्या एकवीस शिक्षकांपैकी सुट्टीतला संगणकाचा कोर्स मन लावून पुरा केलेली ती एकटीच. त्यामुळे मुख्याध्यापिका शेवाळे मॅडमनी पॅनलचा रिमोट आणि बिनतारी कीबोर्ड तिच्याच हातात ठेवला. “जपून हं,” त्या म्हणाल्या, “एकच आहे.”

पहिला धडा आला हृदयाचा. आम्रपालीने दोन रविवार घालून त्याच्या सत्तेचाळीस स्लाइड्स केल्या. त्या करताना तिला भान राहिलं नाही. शीर्षकाचं एकेक अक्षर टाइपरायटरच्या आवाजात उमटायचं. हृदयाचे चार कप्पे चार दिशांनी सरकत यायचे. रक्ताचा लाल गोळा उसळ्या मारत यायचा, दोन गिरक्या घ्यायचा आणि मग जागेवर बसायचा. प्रत्येक भागाच्या शेवटी टाळ्यांचा कडकडाट होता. पाठीमागे गडद निळा रंग, त्यावर पांढरी अक्षरं, आणि कोपऱ्यात बारीक आकड्यांत स्लाइडचा नंबर.

मुलं खूश होती. पॅनलमधून टाळ्या वाजल्या की साठजण आपणहून टाळ्या वाजवायचे. दुसऱ्या वर्गांतली मुलं पाणी प्यायला जायच्या निमित्ताने खिडकीशी रेंगाळायची. शेजारच्या वर्गात भूगोल शिकवणारे हिंदुराव सर मात्र वैतागले. सर मूळचे रावेतचेच. त्यांच्या घरची शेती होती तिथे आता चौदा मजली इमारती उभ्या होत्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. वर्गात ते पुस्तकातल्यासारखं बोलायचे, स्टाफरूममध्ये शिरले की भाषा थेट गावची.

“ओव्हाळ मॅडम, तुमच्या वर्गात लगीन हाय का काय? टाळ्या काय, बाजा काय. माझी पोरं भिंतीला कान लावून बसत्यात.”

“सर, हृदय चालू आहे.”

“किती दिवस चालायचं?”

“सत्तेचाळीस स्लाइड्स आहेत. अजून एक तास लागेल.”

“सत्तेचाळीस सलाईन,” सर चहाचा कप ठेवत म्हणाले. “येवढी सलाईन लावल्यावर पेशंट जगतोय व्हय?”

आम्रपाली हसली, पण मनात म्हणाली, यांना काय कळणार. सर अजूनही नकाशा हाताने काढायचे.

पुढच्या आठवड्यात तिने वीस गुणांची चाचणी घेतली. पेपर ऑफ तासाला स्टाफरूममध्ये तपासायला घेतले. पहिलाच पेपर सुजितचा होता. मागच्या बाकावर बसणारा, अंगाने दणकट, स्वभावाने गरीब. ‘रक्ताचा हृदयातील प्रवास लिहा’ या प्रश्नाला त्याने लिहिलं होतं, ‘रक्त प्रथम डावीकडून उसळत येते. ते दोन गिरक्या घेते व उजव्या अलिंदात बसते. नंतर टाळ्या वाजतात.’

तिला वाटलं, पोरगा चेष्टा करतोय. तिने दुसरा पेपर उघडला. ‘हृदयाला चार कप्पे असतात. ते चार बाजूंनी येतात. चौथा कप्पा थोडा उशिरा येतो.’ हे करिष्माचं होतं, आणि करिष्मा वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी. चौथा कप्पा खरोखरच उशिरा यायचा, कारण तिथे आम्रपालीच्या हातून सेकंदाचा आकडा चुकला होता. बंटीने फुप्फुसांबद्दल लिहिलं होतं की ती निळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत असतात. पाचव्या की सहाव्या पेपरात हृदयाची आकृती होती, फार सुरेख काढलेली. झडपासुद्धा बरोबर होत्या, पण डाव्या निलयाच्या मधोमध एक छोटा पांढरा बाण होता, माउसचा. आणि खाली उजव्या कोपऱ्यात नीट चौकट आखून लिहिलं होतं, ‘२३/४७’.

आम्रपालीने पेपरांचा गठ्ठा पालथा घातला आणि डोळे मिटून बसली. तेवढ्यात हिंदुराव सर चष्मा शोधत आले. चष्मा गठ्ठ्याखाली सापडला आणि त्यासोबत सगळ्यांत खालचा पेपरही हाती लागला. सरांनी तो वाचला. मग खुर्ची ओढून दुसरा वाचला. मग तिसरा. ते हसत होते. खांदे गदगदत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

“हसा सर,” ती म्हणाली. “तुमचंच खरं झालं.”

सरांनी चष्मा पुसला. “हसतोय ते पोरांना न्हाई, मॅडम. अन् तुमालाबी न्हाई. पोरांनी एक अक्षर खोटं लिव्हलं न्हाई बघा. जे दिसलं ते लिव्हलं. असं नीट बघणारी पोरं मला तीस वर्षांत घावली न्हाईत.”

हे ऐकून तिला बरं वाटायला हवं होतं. तिला आणखीच वाईट वाटलं.

संध्याकाळी पिंपरीच्या घरी पोचली तेव्हा वडील, जयसिंग ओव्हाळ, गॅलरीत बसून लसूण सोलत होते. एकतीस वर्षं कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबण्याच्या यंत्रांवर काढलेला माणूस. निवृत्त झाल्यापासून हाताला काम नसलं की अस्वस्थ व्हायचे. आई, कस्तुराबाई, आत कणीक मळत होती. आम्रपालीने दोघांनाही सगळं सांगून टाकलं.

“स्लाइड म्हटलं की मला ट्रेनिंग हॉल आठवतो,” जयसिंग म्हणाले. “कंपनीत ट्रेनिंग असलं की आम्ही आधीपासून वाट बघायचो.”

“शिकायची एवढी आवड होती?”

“झोपेची. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला एसी हॉलमध्ये बसवायचं, दिवे बंद करायचे आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं सोडायची, मग दुसरं काय होणार? मी तर उघड्या डोळ्यांनी झोपायला शिकलो होतो. साहेबाला वाटायचं, ओव्हाळ किती लक्ष देतोय. एका वर्षी मला त्याचं सर्टिफिकेट मिळालंय. आतल्या कपाटात आहे.”

“पोरीने जीव तोडून मेहनत घेतली आणि तुम्ही तिला झोपेच्या गोष्टी सांगताय,” आतून कस्तुराबाई म्हणाल्या.

“माझी मुलं झोपली नव्हती, पप्पा. उलट टाळ्या वाजवत होती.”

“मग तू त्यांना काय काम दिलं होतंस?”

“काम?”

“म्हणजे तुझं यंत्र फिरत होतं, उड्या मारत होतं, गात होतं. त्या वेळी पोरांनी काय करायचं होतं?”

आम्रपालीने विचार केला. बघायचं होतं. सत्तेचाळीस वेळा बघायचं होतं. तिने गुपचूप समोरच्या ताटलीतला लसूण सोलायला घेतला.

त्याच आठवड्यात शेवाळे मॅडमनी बैठक बोलावली. पंधरा दिवसांनी कंपनीची माणसं पॅनलवरचा धडा बघायला येणार होती. त्यांना वापर पसंत पडला तर दुसरं पॅनल मिळण्याची शक्यता होती. नमुना पाठ अर्थातच ओव्हाळ मॅडमचा. पण त्याआधी प्रत्येक शिक्षकाने पॅनलवर किमान एक धडा घेऊन त्याची नोंद करायची होती.

“प्रत्येक म्हणजे?” हिंदुराव सरांनी विचारलं.

“प्रत्येक म्हणजे तुम्हीसुद्धा, सर. ओव्हाळ मॅडम तुम्हाला शिकवतील.”

मधल्या सुट्टीत शिकवणी सुरू झाली. सरांना माउस धरता यायचा, पण तो टेबलाच्या कडेला पोचला की ते थांबायचे आणि म्हणायचे, आता जागा संपली. तो उचलून परत मध्ये ठेवता येतो हे कळल्यावर त्यांना फार आश्चर्य वाटलं. दोनदा क्लिक करताना ते पहिल्या क्लिकनंतर थोडा वेळ थांबून काय होतंय ते बघायचे आणि मग दुसरी करायचे. आम्रपाली तीन दिवस न रागावता शिकवत राहिली. चौथ्या दिवशी सरांनी खिशातून एक जुना फोटो काढला.

“एवढा एकच लावायचा. दुसरं काय नको.”

फोटो पवना नदीचा होता. कुणीतरी टेकाडावरून काढलेला, पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा. वळण घेणारी नदी, एका काठाला दाट झाडी, दुसऱ्या काठाला रेतीचा पट्टा आणि त्यावर पाच-सहा म्हशी.

“सर, एका स्लाइडवर पस्तीस मिनिटं कशी जातील?”

“मी एका खडूवर तीस वर्षं काढली,” सर म्हणाले.

सरांचा धडा होता त्या दिवशी आम्रपाली मागच्या बाकावर सुजितशेजारी बसली. काही अडलं तर धावायचं म्हणून. सरांनी फोटो लावला, कीबोर्ड टेबलावर ठेवला आणि वर्गाकडे तोंड करून उभे राहिले. वर्गातली भाषा सुरू झाली.

“मुलांनो, ही नदी कोणती असावी?”

कुणाला ओळखता येईना. इंद्रायणी, मुळा, कोकणातली कुठलीतरी, अशी नावं आली. सर प्रत्येकाला विचारायचे, कशावरून? मग ते टेबलाला टेकले आणि त्यांचं कोपर कीबोर्डवर पडलं. पॅनल एकदम काळंठिक्कर झालं.

सरांनी मागे वळून पाहिलं. आम्रपाली अर्धी उठली होती, तोच सर पुन्हा वर्गाकडे वळले. त्यांनी तीस वर्षांत बरेच नकाशे भिंतीवरून खाली पडताना पाहिले होते.

“बरं, चित्र गेलं. आता न बघता सांगा. झाडी नदीच्या कोणत्या काठावर होती?”

“डाव्या,” अर्धा वर्ग म्हणाला. “उजव्या,” उरलेला अर्धा म्हणाला.

“रेती कोणत्या काठावर होती? वळणाच्या आतल्या बाजूला की बाहेरच्या?”

आता भांडण पेटलं. करिष्मा उभी राहून हवेत बोटाने नदी काढायला लागली. बंटी म्हणाला, म्हशी आतल्या बाजूला होत्या, म्हणजे रेती तिथेच असणार, म्हैस झाडीत कशाला बसेल. आम्रपालीशेजारी सुजित, जो कधी तोंड उघडायचा नाही, तो पुटपुटला, “वळणावर पाणी बाहेरून जोरात जातं ना. मग रेती आतच राहणार.”

“हे मोठ्याने सांग,” आम्रपाली म्हणाली. ती उठायची विसरली होती.

सुजितने मोठ्याने सांगितलं. सरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो लाजून खाली बसला. दहा मिनिटं वर्ग नसलेल्या चित्राकडे बघत भांडत होता. मग आम्रपाली पुढे गेली, कीबोर्ड पाहिला. सरांचं कोपर ‘बी’ या अक्षरावर पडलं होतं. तिने ते पुन्हा दाबलं, आणि नदी परत आली. वर्गातून एक लांब ‘ओऽऽ’ निघाला. रेती आतल्या बाजूलाच होती. बंटीने म्हशी मोजून दाखवल्या.

“आणि ही नदी,” सर म्हणाले, “आपल्या शाळेपासून दहा मिनिटांवर आहे. ही पवना.”

साठ मुलं एकदम बोलायला लागली.

तास संपल्यावर सर व्हरांड्यात तिला गाठून हळूच म्हणाले, “मॅडम, पडदा मोडला न्हाई ना? शेवाळे मॅडमना सांगू नका.”

“मोडला नाही, सर. त्या बटणाने चित्र झाकता येतं. मला कोर्समध्ये हे कुणी सांगितलंच नव्हतं.”

“झाकायचंच तर लावायचं कशाला?” सरांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता चहाला गेले.

आम्रपाली त्या प्रश्नाशी दोन दिवस झगडत होती. मग तिने सत्तेचाळीस स्लाइड्स उघडल्या आणि छाटायला बसली. गिरक्या काढल्या, उसळ्या काढल्या, टाळ्या काढल्या. टाळ्या काढताना जरा जिवावर आलं. पुस्तकातलं जे वाक्य मुलं पुस्तकात वाचू शकतात ते सगळं पुसलं. शेवटी पाच स्लाइड्स उरल्या. पहिल्या स्लाइडवर चार कप्प्यांचं साधं चित्र आणि वरच्या दारात थांबलेला निळा थेंब, बस. त्या एका थेंबाची जागा ठरवायला तिला जेवढा वेळ लागला तेवढ्यात पूर्वी बारा स्लाइड्स झाल्या असत्या.

पाहुणे आले ते दोघं. विलास साहेब चाकणच्या प्लँटमधले मेंटेनन्सचे प्रमुख, हातात हात देताना समोरच्याची पकड तपासणारे. सोबत नेहा नावाची मुलगी, कंपनीच्या सामाजिक कामाच्या विभागातली, तिच्याकडे टॅबवर भरायचा फॉर्म. पॅनल किती मिनिटं चालू, स्लाइड्स किती, विद्यार्थी लक्ष देत होते का. शेवाळे मॅडम नवी साडी नेसून दाराशी उभ्या होत्या. हिंदुराव सरही काहीतरी कारण काढून आत आले होते.

आम्रपालीने पहिली स्लाइड लावली. “हा थेंब पायाच्या अंगठ्यापासून चढत आलाय. ऑक्सिजन संपलाय, दमलाय. उजव्या बाजूच्या वरच्या खोलीच्या दारात उभा आहे. त्याला नवा ऑक्सिजन घेऊन परत अंगठ्याकडे जायचंय. हा कुठून कुठे जाईल?”

आणि तिने ‘बी’ दाबलं.

पॅनल काळं झालं. शेवाळे मॅडमनी दचकून मुख्य स्विचकडे पाहिलं. मुलं वहीत अंदाज लिहायला लागली. मग बाकं सरकवायचा आवाज झाला. आदल्या दिवशीच ठरल्याप्रमाणे मुलांनी बाकांच्या चार खोल्या केल्या. खिडकीपाशी फुप्फुसं झाली, तिथे करिष्मा लाल घोटीव कागदाचे तुकडे घेऊन बसली. उजवीकडच्या वरच्या आणि खालच्या खोलीमधल्या दारात सुजितला उभं केलं. तो झडप होता.

“अंगठा कोण होणार?” कुणीतरी विचारलं.

अंगठा ठरवायचा राहिला होता. आम्रपालीने इकडेतिकडे पाहिलं. “हिंदुराव सर, प्लीज. त्या दाराजवळ बसा.”

सर मान डोलावून वर्गाच्या दुसऱ्या टोकाला, दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसले. रक्त निघालं. पहिल्या गटाचा पुढारी बंटी. त्याने वहीत लिहिलं होतं की थेंब सरळ शेजारच्या डाव्या खोलीत जाणार, कारण तोच जवळचा रस्ता. तो तिकडे गेला आणि बाकांच्या रांगेला अडकला.

“इथे भिंत आहे, मॅडम.”

“आहे खरी.”

“मग मी जाऊ कुठे?”

“मला काय विचारतोस. तू रक्त आहेस.”

मागून दहाजण येऊन बंटीवर आदळले. दाराजवळून सरांनी शुद्ध भाषेत कळवलं, “मला अद्याप ऑक्सिजन मिळालेला नाही.”

“अंगठा काळा पडला,” कुणीतरी ओरडलं. आता वर्गाला घाई झाली. बंटी खालच्या खोलीत उतरला, तिथून बाहेर पडायची वाट शोधली, आणि ती थेट खिडकीकडे जात होती. करिष्माने लाल कागद दिला. मग डावी वरची खोली, डावी खालची, आणि तिथून पळत अंगठा. सरांनी कागद घेऊन शर्टाच्या खिशात ठेवला आणि मान हलवली. त्याच वेळी आम्रपालीने ‘बी’ दाबलं, चित्र उजळलं, दुसऱ्या स्लाइडवर बाणांचा रस्ता दिसला. “बघ, तसंच आहे,” मुलं एकमेकांना म्हणाली. तिने पुन्हा पडदा काळा केला. दुसरा गट निघाला.

शेवाळे मॅडम दारातून हाताने खुणा करत होत्या, चालू ठेवा, चालू ठेवा. आम्रपालीने दोनदा न दिसल्यासारखं केलं. तेवढ्यात त्यांना ऑफिसातून बोलावणं आलं आणि त्या गेल्या.

विलास साहेब बराच वेळ हाताची घडी घालून सुजितकडे बघत होते. गर्दीत दोन मुलं सुजितच्या काखेखालून उलटी वर निसटली. साहेबांना राहवलं नाही.

“अरे बाबा, तू दोन्हीकडून सोडतोयस. हा व्हॉल्व्ह लीक आहे.”

“मग काय करू, सर?”

“एकाच बाजूने उघडायचं. खालून दाब आला की बंद व्हायचं. असं.” साहेब उठले, कोट खुर्चीवर टाकला आणि डाव्या बाजूच्या दारात स्वतः झडप होऊन उभे राहिले. रक्त आलं की हात उघडायचे, गेलं की मिटायचे. त्यांच्या दारातून एकही थेंब उलटा गेला नाही.

नेहाला फॉर्म भरायचा होता. “मॅडम, फोटोसाठी जरा स्क्रीन चालू करता? फोटोत स्क्रीन चालू दिसायला लागते.”

आम्रपालीने पॅनल चालू केलं, आणि साठ मुलांची तोंडं एकदम तिकडे वळली. चालणारे पाय थांबले. सगळं रक्त जागच्या जागी गोठलं. करिष्माचा कागद द्यायला पुढे केलेला हात तसाच राहिला.

“बंद करा हो ते,” डाव्या झडपेतून विलास साहेब म्हणाले. “प्रॉडक्शन थांबलं.”

तास संपल्यावर नेहा फॉर्मपाशी अडली. पॅनल चालू नऊ मिनिटं. स्लाइड्स पाच. लक्ष देत होते का, याच्यापुढे ‘हो’ आणि ‘नाही’ एवढेच पर्याय होते. “मी काय लिहू?” तिने आम्रपालीला विचारलं. “पॅनलकडे तर फारसं कुणी बघतच नव्हतं.” शेवटी तिने ‘हो’वर खूण केली, पण मिनिटं खरीच लिहिली, कारण पॅनल ती काळ्या पडद्याचा वेळ सोडून स्वतःच मोजून कळवतं.

दुसरं पॅनल शाळेला मिळालं नाही. ते एका दुसऱ्या शाळेला गेलं, जिथलं पॅनल रोज सहा तास चालू असायचं. कंपनीच्या पत्रात ‘वापर कमी’ असा शेरा होता. विलास साहेबांनी तो बदलून घ्यायचा प्रयत्न केला म्हणे, पण आकडे यंत्राचे होते. शेवाळे मॅडम चार दिवस आम्रपालीशी कामापुरतं बोलल्या. पाचव्या दिवशी त्यांनी तिला ऑफिसात बोलावलं. ती मनाची तयारी करून गेली.

“दार लावून घ्या,” मॅडम म्हणाल्या. मग पुढे झुकून, “मी त्या दिवशी मध्येच गेले. मला एक सांगा, अंगठ्याकडून रक्त वर कसं चढतं? खालून वर कोण ढकलतं त्याला?”

आम्रपालीने पोटऱ्यांचे स्नायू आणि शिरांमधल्या झडपा समजावून सांगितल्या. मॅडम टेबलाखाली पाय हलवून बघत होत्या. “म्हणूनच दिवसभर बसून पाय सुजतात,” त्या म्हणाल्या आणि शेऱ्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

मुलांचे गुण एकदम आभाळाला भिडले असं काही झालं नाही. पाच-सातजण अजूनही डावं-उजवं उलटं लिहीत होते. पण आता चुका हृदयाबद्दलच्या होत्या, आणि त्या सुधारता येत होत्या. सगळ्यांत मोठा बदल हिंदुराव सरांत झाला. एकदा माउस हाताला बसल्यावर त्यांनी आम्रपालीच्या काढून टाकलेल्या साऱ्या करामती स्वतः शोधून काढल्या. त्यांचा हिमालय खालून उसळत वर यायचा आणि वर पोचला की टाळ्या वाजायच्या. आता शेजारच्या वर्गात वैतागायची पाळी आम्रपालीवर आली.

“सर, हे काय? तुम्हीच तर म्हणत होता.”

“मॅडम, रक्त काय गिरक्या घेत न्हाई. पर हिमालय खरंच खालनं वर आलाय. भूगोलात ते बसतंय.” आणि मग आवाज खाली आणून, “टाळ्या काढतो.” त्यांनी काढल्या नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ध्वनीचा धडा आला. आम्रपालीने मुलांना सांगितलं, या वेळी स्लाइड तुम्ही करा. एकच, आणि तिच्यावर एकच प्रश्न. उत्तर लिहायचं नाही. पहिला नंबर करिष्माचा लागला. ती पुढे आली, कीबोर्ड हातात घेतला आणि आम्रपालीला म्हणाली, “मॅडम, तुम्ही खाली बसा.” आम्रपाली तिच्या रिकाम्या जागेवर, दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

पॅनलवर फोनमध्ये काढलेले दोन फोटो होते. एक पत्र्याच्या खोल्यांच्या रांगेचा, दुसरा चौदा मजली इमारतीच्या बाल्कनीतून काढलेला. दूर एक्स्प्रेसवेची पांढरी रेघ दिसत होती.

“आमची खोली इथे खाली आहे,” करिष्मा म्हणाली. “माझी आई त्या इमारतीत बाराव्या मजल्यावर कामाला जाते. सुट्टीत मी तिच्यासोबत जायचे. मला वाटायचं, वर गेलं की गाड्यांचा आवाज कमी येणार, कारण रस्ता लांब होतो. पण बाराव्या मजल्यावर ट्रकचा आवाज आमच्या खोलीपेक्षा जास्त येतो. तिथल्या काकू खिडक्या लावून बसतात. असं का?”

तिने ‘बी’ दाबलं आणि वर्गाकडे पाहिलं. हात वर झाले. वाऱ्यामुळे, एकाने सांगितलं. उंचावर हवा पातळ असते, दुसरा म्हणाला. सुजित म्हणाला, खाली मध्ये भिंती येतात, वर काहीच आडवं येत नाही. करिष्मा प्रत्येकाला विचारत होती, कशावरून? मग तिची नजर दुसऱ्या बाकावर आली.

“मॅडम, तुम्ही सांगा.”

आम्रपाली उभी राहिली. साठ चेहरे तिच्याकडे वळले. तिला सुजितचं म्हणणं पटत होतं, पण जमिनीचा काही संबंध असेल का, समोरच्या इमारतीवरून आवाज उलटा येत असेल का, हे तिला नक्की सांगता येईना.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली.

“मॅडमना पण?” बंटीच्या तोंडून निघालं. करिष्मा मात्र गोंधळली नाही. तिने वही उघडली, पेन काढलं आणि बाईंनी सांगावं तसं सांगितलं, “मग शनिवारी शाळा सुटल्यावर चला. मोबाइलमध्ये आवाज मोजायचं ॲप मिळतं. मी आईला विचारून ठेवलंय, काकू गच्चीत जाऊ देणार आहेत. कोण कोण येतंय?”

आम्रपालीने सगळ्यांत आधी हात वर केला. करिष्माने वहीत नाव लिहिलं आणि म्हणाली, “बसा.”